मायनस काढली का?

आमच्या गॅरेज कारागिरांच्या संघटनेच्या दिवाळी अंकाचे संपादक तीन वर्षं माझ्या मागे लागलेत. "जगनशेठ, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. तुमच्याकडे खजिना आहे." आहे ना. एका काकांच्या गाडीचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजायचा. त्यांनी आधी गाडीला लिंबू-मिरची बांधली, मग पूजा घातली आणि मग माझ्याकडे आणली. स्टिअरिंगच्या आतली एक वायर घासली होती, बस्स. एक बाई म्हणायच्या, माझी गाडी फक्त माहेरी जाताना बंद पडते, यांनीच काहीतरी करून ठेवलंय. माहेर इगतपुरीचं, मध्ये घाट, आणि चढाला बेल्ट घसरायचा. नवरा बिचारा सहा महिने फुकटच्या शिव्या खात होता.

पण यंदा मी हसवायला बसलेलो नाही. एका माणसाच्या नावाला मी डाग लावला आणि तो माणूस आता नाही. ते नाव धुऊन काढायचंय. त्यात मध्ये एक अशी गोष्ट येते की तुम्ही म्हणाल, जगन कोळी म्हातारपणी भुतंखेतं बघायला लागला. म्हणा. मी कोपरीत वाढलेला, खाडीवरच्या कोळ्याचा मुलगा आहे. खाडीवर काय दिसतं आणि काय ऐकू येतं याच्या गोष्टी लहानपणी भरपूर ऐकल्या आणि त्यातल्या एकीवरही मी कधी विश्वास ठेवला नाही.

धंदा ऑटो इलेक्ट्रिशियनचा. लोक मला मेकॅनिक म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मेकॅनिक इंजिन बघतो. आम्ही गाडीतली वीज बघतो, म्हणजे दिवे, सेल्फ, बॅटरी, वायरिंग आणि अल्टरनेटर. आमचे जुने लोक त्याला अजून डायनमोच म्हणतात. नारळाएवढं यंत्र असतं, इंजिनाच्या बेल्टवर फिरतं आणि गाडी चालू असताना बॅटरी भरत राहतं. ते मेलं की बॅटरी दोन दिवस तग धरते आणि मग भर सिग्नलवर गाडी मान टाकते.

आता हे यंत्र काढायचं म्हणजे काय, तर कंपन्यांनी ते कुठे लपवावं याला काही धरबंध नाही. पूर्वीच्या गाडीत बॉनेट उघडलं की समोर. आताच्या गाडीत बॉनेटखाली बोट घालायला जागा नसते. अल्टरनेटर इंजिनाच्या पाठीमागे, खाली, मागच्या पत्र्याला चिकटून. डोळ्यांना दिसत नाही. हात घालायचा, कोपर वळवायचं, मनगट उलटं करायचं, तळवा वर, आणि मग बोटांनी चाचपून नट शोधायचा. आणि एक लक्षात ठेवा. असा घातलेला हात ज्या वळणांनी गेला त्याच वळणांनी, उलट्या क्रमाने बाहेर येतो. घाई केलीत तर येत नाही. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखड्यांची जाळी आहे, ती या एका कामाची.

दुसरी गोष्ट. अल्टरनेटरच्या पाठीवर एक जाड वायर येते, ती थेट बॅटरीतून. गाडी बंद असो, चावी तुमच्या खिशात असो, ती वायर जिवंतच असते. बारा व्होल्टला शॉक बसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. शॉक नाही बसत, पण वेल्डिंग होतं. त्या वायरच्या नटाला पाना लावला आणि पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं, की पाना तिथेच चिकटतो आणि लाल होतो. म्हणून पहिला नियम असा की बॅटरीची मायनसची वायर आधी काढायची. ती काढली की सगळं थंड.

मधुकर आणि मी अकरा वर्षं हे काम जोडीने केलं. दुकान माझं होतं, पण हात त्याचा चांगला होता. राहायला आंबिवलीला, अंगाने काटकुळा, बोटं लांब, आणि बोलणं अगदी बेताचं. मी जाडा आणि बडबड्या. त्यामुळे वाटणी आपोआप झालेली. तो गाडीखाली, मी वर. गिऱ्हाइकाशी बोलायचं, बॅटरी सोडवायची, वरचे बोल्ट ढिले करायचे हे माझ्याकडे. खाली उताणं झोपून अंधारात हात घालायचा हे त्याच्याकडे. खाली झोपलेल्याला जग फक्त पायांवरून कळतं. मधुकर चपला बघून गिऱ्हाईक ओळखायचा. "जगन, तुझे ते हॉर्नवाले काका आले," असं खालूनच सांगायचा.

त्याला वरचं काही दिसत नसे, म्हणून त्याने एक रीत पाडली. हात आत घालण्याआधी तो खालून विचारायचा, "मायनस काढली का रे?" मी वायर काढून, तिला लाल फडकं गुंडाळून, बाजूला बांधून टाकायचो आणि म्हणायचो, "काढली." मग तो हात घालायचा. एकदाच विचारायचा. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्याला वाटत असावं. अकरा वर्षांत त्याने दुसऱ्यांदा विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या उजव्या हातात साखरपुड्याची अंगठी होती. कामाने बोटांची पेरं जाड झाल्यावर ती निघेना. मी म्हणायचो, कापून टाक, आपल्या धंद्यात अंगठी नको. तो म्हणायचा, "तू मायनस काढतोस ना? मग अंगठीला काय धाड भरलीय?"

अठरा वर्षं झाली त्याला. सकाळी अकराची वेळ, दुकानासमोर एका बड्या गिऱ्हाइकाची नवी मोठी गाडी. साहेब माझी तारीफ करत होते, ठाण्यात तुमच्यासारखा माणूस नाही वगैरे. मी फुगलेलो. दहाचा पाना हातात होता, मायनसच्या नटाला लावायचाच बाकी होता. आणि खालून मधुकरने विचारलं, "मायनस काढली का रे?"

मी साहेबांकडे बघत म्हटलं, "काढली."

कसं म्हटलं विचाराल तर सांगता येणार नाही. आठवड्यातून दहा वेळा तेच उत्तर देत होतो. तोंडाला सवय झालेली, हात मागे राहिला. म्हटल्यावर मी नट सोडवणारच होतो, पण साहेबांनी पुढचं वाक्य सुरू केलं आणि मी ते ऐकत बसलो.

आधी आवाज आला, चुलीवर पाणी सांडल्यासारखा. मग वास. मग मधुकर ओरडला, आणि तो माणूस कधी ओरडत नसे. पाना, अंगठी आणि पत्रा एक झाले होते. आणि हात बाहेर येईना, कारण तो तसा येतच नाही. कोपर, मनगट, तळवा, सगळं उलट्या क्रमाने. तो ते करत होता आणि वर मी मायनसचा नट सोडवत होतो, आता सोडवत होतो. माझ्या हातातून पाना दोनदा पडला.

अंगठीचं बोट गेलं. शेजारची दोन कायमची ताठ झाली.

इथपर्यंत ही चूक आहे. चूक कोणाच्याही हातून होते. खरी गोष्ट पुढची आहे. रिक्षात बसवताना साहेबांनी विचारलं, "बॅटरी काढली नव्हती का?" मधुकर माझ्या खांद्यावर डोकं टेकून होता. मी म्हटलं, "मी त्याला थांब म्हटलेलं. त्याने घाईत हात घातला." मधुकरने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मी तेच सांगितलं. संध्याकाळी त्याची बायको, शालनवहिनी, आंबिवलीहून धावत आली. तिलाही तेच. तिसऱ्या वेळी सांगताना मला अजिबात अडखळायला झालं नाही.

मधुकर काहीच बोलला नाही. तेव्हा नाही आणि नंतर कधीच नाही. महिन्याभराने दुकानात आला, डाव्या हाताने आपली पान्यांची पिशवी उचलली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "तुला होतील." पुढे त्याला घोडबंदर रोडला कुठल्यातरी टॉवरमध्ये वॉचमनची नोकरी लागली असं कानावर आलं. कुठल्या टॉवरमध्ये ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

आणि मी काय केलं? संघटनेने नव्या कारागिरांसाठी वर्ग सुरू केला, तिथे मी शिकवायला जायला लागलो. पहिल्याच दिवशी सांगायचो, "आमचा मधुकर बघा, एवढा हुशार माणूस, बॅटरी न काढता हात घातला आणि बोट घालवून बसला." पोरं हसायची. मी आणखी रंगवायचो. हळूहळू तो शब्दच झाला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, बॅटरी न काढता कोणी हात घालायला लागला की दुसरा ओरडतो, "अरे, मधुकर होईल तुझा." तो शब्द माझा आहे. माझ्या तोंडून निघालेला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मधुकर वारला. हृदयाने दगा दिला. मी आंबिवलीला गेलेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि वहिनींशी न बोलता परत आलो.

आता ती गोष्ट. यंदाच्या फेब्रुवारीतली, दुपारी तीनच्या सुमाराची.

दुकान मी आता बंद केलंय, पण ओळखीतून कोणी बोलावलं तर जातो. घोडबंदर रोडला एका टॉवरमधून फोन आला. तरुण बाई, घरून काम करणारी. गाडी तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर, अल्टरनेटर मेलेला, गाडी चालू होत नाही. तळघराचं छत ठेंगणं, त्यामुळे ओढून न्यायला क्रेन आत येत नाही. जे काय करायचं ते तिथेच. गेटवरच्या वॉचमनने नाव लिहून घेतलं. बाई खाली आली, चावी दिली आणि म्हणाली, "अंकल, माझी मीटिंग आहे. बॅटरी काढली तर स्क्रीनचं सगळं सेटिंग जाईल का?" मी म्हटलं, "जाईल, आणि परत येईल. बॅटरी मी काढणारच." ती गेली.

ती जागा तुम्ही बघायला हवी. फुटबॉल खेळता येईल एवढी लांब, खांबामागून खांब. माणूस हलला की दिवे लागतात आणि हालचाल थांबली की थोड्या वेळाने टक टक करत एकेक विझत जातात. वर घोडबंदरचा एवढा ट्रॅफिक, पण खाली काही म्हणजे काही ऐकू येत नाही. कुठेतरी पंपाचा बारीक घुं घुं. लिफ्टजवळ एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, तिच्या पायाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी मी बघितली. तेव्हा काही डोक्यात आलं नाही.

बॉनेट उघडलं. दहाचा पाना घेतला, मायनसचा नट ढिला केला, वायर खुंटीवरून उचलून बाजूला दाबली. खांद्यावरून फडकं काढणार, तेवढ्यात फोन. त्याच बाईचा. "अंकल, किती वेळ लागेल?" मी म्हटलं, दोन तास. फोन ठेवला, जॅक लावला, गाडी तोलायला खाली लोखंडी घोड्या सरकवल्या आणि उताणा होऊन आत सरकलो. मधुकरचं काम आता मलाच करावं लागतं. पोट सुटलंय, जीव घाबरा होतो, पण दुसरं कोण करणार?

टॉर्च छातीवर ठेवला. उजवा हात वर घातला. कोपर वळवलं, मनगट उलटं, तळवा वर. बोटांना जाड वायरचा रबरी टोप लागला. तो मागे सारला. पाना नटावर बसवला. या सगळ्यात मी हललो नसेन, कारण बाहेरचे दिवे विझायला लागले. टक. टक. टक. लांबून जवळ येत शेवटचा गेला आणि फक्त माझ्या छातीवरचा टॉर्च राहिला.

मी पाना फिरवणार, तोच वरून आवाज आला.

"मायनस काढली का रे?"

मोठा नव्हता. नेहमीचा, बेताचा. आणि मी ज्या जागी उभा असायचो बरोब्बर तिथून आला, बॅटरीजवळून. माझं तोंड आपल्या सवयीने म्हणालं, "काढली."

म्हटल्यावर मान वळवून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. सांगितलं ना, खालून पाय दिसतात. टॉर्चच्या उजेडात टायर दिसले, खांबाचा पाया दिसला, माझी पिशवी दिसली. पाय कुठेच नव्हते.

मी स्वतःशी म्हटलं, जगन, वय झालंय, दुपारचं जेवण जास्त झालंय, फिरव पाना. आणि पुन्हा आवाज आला.

"काढली का?"

या वेळी 'रे' नव्हतं. अकरा वर्षांत जो माणूस दुसऱ्यांदा विचारायचा नाही, तो दुसऱ्यांदा विचारत होता. हात बाहेर काढायला लागलो. तळवा, मनगट, कोपर. घाईत येत नाही हो. मला वाटलं आता आतून कोणीतरी बोटं धरेल आणि हात आतच राहील. ओरखडा उठला, रक्त आलं, पण हात आला. मी सरपटत बाहेर निघालो आणि दिवे पुन्हा टक टक करत लागत गेले, माझ्यापासून लांब, शेवटच्या खांबापर्यंत. कोणीही नव्हतं.

उठून बॉनेटखाली बघितलं.

बॅटरीची वायर जाड आणि ताठ असते. बाजूला दाबून तशीच सोडली तर ती हळूहळू उठते आणि परत आपल्या जागी येते. म्हणून तर फडकं गुंडाळून बांधायची रीत. माझं फडकं माझ्या खांद्यावरच होतं. फोनच्या नादात राहून गेलं. आणि वायर परत येऊन खुंटीवर आरामात बसली होती. बॅटरी सेल्फ मारण्याइतकी उरली नसली तरी पाना चिकटवायला पुरेशी होती, आत जिवंत नटावर माझा पाना होता, माझ्या मनगटाला स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं आणि पत्रा चार बोटांवर. एक हिसका द्यायचा अवकाश होता.

मी घड्याळ काढून खिशात टाकलं. वायर उचलली, फडकं गुंडाळलं, दोन गाठी मारून बांधली. मग त्या रिकाम्या तळघरात मोठ्याने म्हटलं, "आता काढली. बांधली. बघ." मी थोडा वेळ वाट बघितली हे खरं आहे.

काम पुरं केलं. अर्धवट टाकून पळालो असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आज खोटं लिहायचं नाही. खालचा लांब बोल्ट असतो, त्याचा नट पलीकडून कोणीतरी धरावा लागतो, नाहीतर बोल्टाबरोबर नटही गोल गोल फिरत राहतो. एकट्याने करायचं तर नाकी नऊ येतात. त्या दिवशी नट फिरला नाही. पहिल्या झटक्याला बोल्ट सुटला. नट गंजून बसला असेल. असं होतं कधीकधी.

जाताना गेटवर वॉचमनला विचारलं. शिंदे नावाचा, पन्नाशीतला माणूस. "खाली कोणाला पाठवलेलं का हो?"

"नाही काका. मी एकटाच, गेट सोडता येत नाही. का?"

"कोणीतरी विचारत होतं, मायनस काढली का."

शिंदेने रजिस्टर बंद केलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऐकलं."

"आमचे आधीचे काका विचारायचे. खालची ड्युटी त्यांचीच होती, ती लिफ्टजवळची खुर्ची त्यांची. कोणीही मेकॅनिक आला की उठून जायचे आणि विचारायचे, मायनस काढली का रे. स्वतः बघितल्याशिवाय हात घालू द्यायचे नाहीत. लाल चिंध्या ठेवलेल्या असायच्या त्यांच्याकडे, स्वतः बांधायचे. मेकॅनिक लोक चिडायचे, काका, तुम्हाला काय कळतं म्हणायचे." त्याने स्वतःचं एक बोट दुमडून दाखवलं. "एक बोट नव्हतं त्यांना. कसं गेलं विचारलं तर सांगायचे नाहीत. मधुकरकाका. आंबिवलीहून यायचे."

मी तिथेच कठड्यावर बसलो. शिंदेने पाणी आणून दिलं.

त्या रविवारी आंबिवलीला गेलो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली मधुकरचा फोटो, हात दिसणार नाहीत असा काढलेला. वहिनींनी "या भाऊजी" म्हटलं, चहा ठेवला. मी चहा उकळायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर पिऊन परत आलो असतो. बॅटरी मी काढली नव्हती. काढली म्हणून मी सांगितलं. आणि नंतर त्याच्यावर ढकललं.

वहिनींनी गॅस बंद केला. तोंड ओट्याकडेच ठेवलं.

"सतरा वर्षं मी त्यांना बोलले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "शर्टाची बटणं लावून देताना बोलले. भाकरी मोडून देताना बोलले. बघून हात घालायला काय झालं होतं तुम्हाला, घरात बायकापोरं आहेत हे आठवलं नाही का. एकदाही म्हणाले नाहीत, की शालन, माझी चूक नव्हती. मान खाली घालून ऐकून घ्यायचे."

मी म्हटलं, "वहिनी, त्याने का नाही सांगितलं?"

"ते मला विचारताय?" त्या वळल्या. डोळे कोरडे होते आणि ते जास्त वाईट होतं. "तुमचं दुकान बसलं असतं. त्यांना तेवढं कळत होतं. तुम्हाला कळलं नाही का?"

मी हात जोडले, माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? माझा भाचा कल्याणला गॅरेजात लागला. पहिल्याच दिवशी तिथले लोक त्याला म्हणाले, नीट बघ, मधुकर होईल तुझा. त्यांना काय माहीत तो कोणाचा भाचा आहे ते. पोरगा घरी येऊन रडला. हे सगळं यांनी ऐकलं, इथे, या खाटेवर बसून. ज्यांच्यापुढे तुम्ही ते बोललात त्यांच्यापुढे हे बोला. सगळ्यांपुढे. आणि तोंडी नको. तोंडी तुम्ही काहीही बोलता."

चहा तसाच राहिला. दारापर्यंत त्या आल्या नाहीत.

मी तळघरातलं त्यांना सांगितलं नाही. ते माझं आणि त्याचं आहे असं वाटलं. इथे लिहिलं, कारण सगळं लिहायचं ठरवलंय. तो आवाज कोणाचा, ते तुम्ही तुमच्या बुद्धीने ठरवा. माझं मत मागू नका. मला एवढंच कळतं, की ज्याचा हात मी घालवला त्याने माझा हात वाचवला. आणि तळघरातही त्याने विचारल्यावर मी पुन्हा खोटंच बोललो.

आमचा हा अंक ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक गॅरेजात जातो, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला असतो, तेलाच्या हातांनी वाचला जातो. म्हणून कारागीर भावांनो, यापुढे कोणी बॅटरी न काढता हात घालायला लागला तर ओरडा जरूर, पण मधुकरचं नाव घेऊ नका. नाव घ्यायचंच असेल तर माझं घ्या. जगन होईल तुझा, म्हणा.

मधुकरने त्या सकाळी गाडीखालून मला विचारलं होतं, मायनस काढली का रे. माझं उत्तर आहे, नाही. काढली नव्हती. हात घालू नकोस, मधू. थांब.